लाकडाविना खोके आणि कपडे: बरेच महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, दोन्ही चालू ठेवणार आहे. पण खोक्यांचा अनुभव वेगळा आणि कपड्यांचा वेगळा, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी शिवलेल्या पिशव्या, उशांचे अभ्रे असलं सामान पार्सलने पाठवते. कॅनोपी नावाची संस्था आहे, १९९९ पासून जंगलं वाचवायचं काम करते, त्यांच्या हिशोबाने नुसत्या कागदी पॅकेजिंगसाठी दरवर्षी ३०० कोटींहून जास्त झाडं तोडली जातात. तीनशे कोटी! आणि तो खोका आपण दोन मिनिटांत फाडून टाकतो. हे वाचल्यावर नेहमीचे खोके मागवायला मन होईना, म्हणून गव्हाचं काड आणि रद्दीच्या लगद्याचे खोके घेतले, नाजूक वस्तूंसाठी उसाच्या चिपाडाचे साच्यातले ट्रे.

कोरड्या हवेत खोक्यांची काहीच तक्रार नाही, टेप नीट चिकटते, छपाई बरी येते, रंग तेवढा पिवळट. कोपरे मात्र लवकर दबतात, कारण काडाचा तंतू पाइनसारख्या लाकडाच्या तंतूपेक्षा बराच आखूड असतो, तो पटकन फाटतो. जड पार्सलला मी जास्त थरांचा पुठ्ठा घेते. दमट हवेत साधा पुठ्ठाही मऊ पडतो पण हा त्याच्या आधी, तेव्हा गठ्ठा जमिनीवर टेकवू नका, फळीवर ठेवा. ट्रे मात्र एकदम मस्त, आकार अजिबात सोडत नाहीत. तेलकट पदार्थासाठी घेणार असाल तर पीएफएएसचं (तेल-पाणी अडवणारी रसायनं) कोटिंग नाही ना हे आधी विचारा, ते रसायन निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाही, मग झाड वाचवून माती बिघडवल्यासारखं होतं. आणि खोका कशाचाही असो, परत वापराच, कागदाचा तंतू साधारण ५ ते ७ वेळाच रिसायकल होतो, नंतर तो इतका आखूड होतो की कागद धरत नाही. मी खोका उलटा घडी करून परत पाठवते, कुणी नाक मुरडलेलं नाही.

आता कपडे. रेयॉन, व्हिस्कोस, मोडाल म्हणजे झाडच, हे खूप जणांना माहीतच नसतं! लाकडातून सेल्युलोज, म्हणजे झाडाच्या तंतूतला मुख्य घटक, वेगळं काढायचं, कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून त्याचं दाट द्रावण करायचं आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडून धागा काढायचा. लाकडात सेल्युलोज निम्म्याच्या आसपासच, पण सुती कापड म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोजच. मग जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून त्यातून व्हिस्कोस काढलं तर झाड लागतच नाही. स्वीडनमधल्या सुंडस्वालला रिन्यूसेल कंपनीने २०२२ मध्ये असा कारखाना सुरू केला, लगद्याचं नाव सर्क्युलोज. पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली, फार वाईट वाटलं. नंतर नव्या मालकाने ती विकत घेतली आणि कंपनीचंच नाव सर्क्युलोज झालं.

माझे शर्ट आणि एक ड्रेस अशाच मिश्र धाग्याचे आहेत, म्हणजे लगदा थोडा जुन्या सुताचा, थोडा लाकडाचा. हाताला झाडाच्या व्हिस्कोसपेक्षा वेगळे लागत नाहीत, पडतात छान, घाम शोषतात. दोषही व्हिस्कोसचेच, ओलं झालं की धाग्याची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून पिळायचं नाही, गार पाण्यात धुवून तसंच निथळत टाकायचं. काखेपाशी थोडे गोळे आलेत, बाकी शिवण शाबूत, रंगही तसाच.

लायोसेलही वापरतेय, तोही सेल्युलोजचाच धागा. त्यात सेल्युलोज विरघळवायला लागणारं द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून वापरतात, ते फार चांगलंच, पण बहुतेक लायोसेल लाकडाचंच असतं, म्हणजे कारखाना स्वच्छ असला तरी जंगलाचा प्रश्न राहतोच.

खरी अडचण वापरण्यात नाहीच, लेबलात आहे. लेबलवर नुसतं व्हिस्कोस लिहितात, लगदा कशाचा ते नाही. मी दोन विक्रेत्यांना विचारलं, एकाने जुनं सूत किती टक्के आणि बाकीचं लाकूड कुठल्या सर्टिफिकेटचं ते लगेच कळवलं, दुसऱ्याने फक्त इकोफ्रेंडली आहे मॅडम एवढंच. आता पहिल्याकडूनच घेते. पुढच्या खेपेला त्याच्याकडून चादर घेणार आहे, धुण्यात किती टिकते ते इथेच लिहीन.