९ महिने, ११ हजार किलोमीटर आणि मागे भुरी: डॉग कॅरियर वापरल्यानंतरचा अनुभव

लिहीन लिहीन म्हणत ९ महिने गेले. माझी कुत्री भुरी, तिला मोटरसायकलवर मागे बसवून ११ हजार किलोमीटर झालेत आता, त्यात एक १२ दिवसांची टूर, एक १९ दिवसांची, आणि बाकीच्या सुट्टीच्या दिवशीच्या छोट्या राइड. म्हणजे पहिल्या आठवड्यात नवीन वस्तूचं जे कौतुक असतं ते कधीच संपलंय. आता सांगतेय ते वापरून, धुऊन, एकदा शिवून आणि दोनदा मापं बदलून घेतल्यावरचं आहे.

भुरी ३ वर्षांची, वजन ९ किलो, अंगाने सडपातळ, नाक लांब. नाकाचं मुद्दाम लिहितेय. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करणं नीट जमत नाही, त्यामुळे तुमच्याकडे तसलं कुत्रं असेल तर उन्हातल्या लांब राइडचा विचार सोडून द्या असंच मी म्हणेन, कितीही भारी कॅरियर घेतलं तरी.

कॅरियर मागच्या रॅकवर बसणारं आहे, खाली कडक तळ, भोवती जाड कापड, वरून डोकं बाहेर काढायला गोल तोंड आणि मागच्या बाजूला जाळी. एकट्या कॅरियरचं वजन साडेचार किलो. इथेच बरेच जण चुकतात. गाडीसोबत येणाऱ्या रॅकवर किती वजन चालेल ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, माझ्या गाडीला ७ किलो लिहिलंय. कुत्रं ९, कॅरियर साडेचार, वर पाण्याची बाटली आणि चादर धरली तर १५ किलोच्या आसपास जातं. नुसता रॅक जाड करून भागत नाही, वजन शेवटी सबफ्रेमवरच (सीट आणि रॅक ज्यावर बसतात त्या मागच्या सांगाड्यावर) येतं. मी सबफ्रेमला किती झेपतं ते आधी विचारून घेतलं, मग खाली दोन्ही बाजूंनी आधार देणारा रॅक बसवून घेतला, आणि मागची सॅडलबॅग पूर्ण बंद केली, सगळं सामान टँकबॅगमध्ये. मागचं शॉकअ‍ॅब्सॉर्बर दोन खाचा कडक केलं, टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटला दिलीय तेवढी ठेवली. हे केलं नव्हतं तेव्हा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायचा आणि वळणावर पुढचं चाक हलकं लागायचं, हँडल हातात असून नसल्यासारखं. एवढं वजन मागच्या चाकाच्याही मागे लटकलं की असं होणारच, म्हणून कॅरियर जितकं पुढे, सीटला खेटून बसेल तितकं बसवा. माझ्या पाठीत आणि कॅरियरमध्ये आता चार बोटांचं अंतर आहे.

सवय लावायला मला ७ आठवडे लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही. पहिले १० दिवस कॅरियर घरात जमिनीवर, झाकण उघडं, आत तिची जुनी चादर, आणि जेवण तिथेच. मग कॅरियर गाडीवर, गाडी मेन स्टँडला, इंजिन बंद. मग इंजिन चालू पण गाडी जागेवरच, कारण कंपनं तळातून थेट पंजांना लागतात आणि आवाजापेक्षा ती त्यालाच जास्त घाबरत होती (तळाला योगा मॅटचा तुकडा टाकला आणि फरक त्याच दिवशी दिसला). मग बंद मैदानात चालण्याच्या स्पीडने २०० मीटर, मग १ किलोमीटर, असं वाढवत नेलं. कुणी सांगेल की झोपेचं औषध द्या, शांत बसेल. कृपा करून देऊ नका. गुंगीत कुत्र्याला तोल सांभाळता येत नाही आणि अंगाची उष्णताही आवरता येत नाही. गाडी लागत असेल, उलट्या होत असतील, तर त्यावरचं वेगळं औषध जनावरांच्या डॉक्टरांकडून मिळतं. भुरीला सुरुवातीला लाळ गळायची, निघण्याआधी ३-४ तास पोट रिकामं ठेवायला लागले आणि ते आपोआप थांबलं.

आता पट्टा. आतमध्ये एक छोटा पट्टा येतो, तो हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) लावायचा, गळ्यातल्या कॉलरला कधीच नाही. कुत्रं उडी मारून बाहेर लटकलं तर कॉलरने गळफास बसेल. पट्ट्याची लांबी अशी हवी की तिला बसता यावं, गोल फिरून झोपता यावं, पण पुढचे पंजे कडेवर ठेवून वर चढता येऊ नये. कंपनीने दिलेला पट्टा लांब होता, मी तो ४० सेंटीमीटरवर आणला. आणि ४ हजार किलोमीटरच्या सुमारास, एका मुक्कामी कॅरियर झाडताना पट्ट्याची कडी जिथे शिवली होती तिथे बोट फिरवलं तर दोरा निघालेला. पाच टाक्यांपैकी दोन उसवलेले आणि तिसरा सैल. बाहेरून काहीच कळत नव्हतं कारण वर कापडाची पट्टी होती. माझ्या हाताला घाम फुटला. जोराचा ब्रेक लागला की ९ किलोचं कुत्रं सहज ६ किलोच्या ओढीने पुढे येतं, आणि ते सगळं त्या तीन टाक्यांवर. कंपनीला फोटो पाठवले, बदली कडी आली पण तब्बल महिन्याने, तोपर्यंत मी चामड्याचं काम करणाऱ्याकडून जाड दोऱ्याने चौकोनी शिलाई मारून घेतली आणि दुसरा पट्टा थेट रॅकला बांधला. तेव्हापासून रोज सकाळी निघण्याआधी तिथे बोट फिरवते, चेन बघते तसंच.

दुसरी आणि खरी मोठी तक्रार हवेची. जाळी फक्त मागे. गाडी पळत असते तेव्हा वरून हवा आत येते, मागून बाहेर जाते, मस्त चालतं. पण १२ दिवसांच्या टूरमध्ये पाचव्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कामात ४० मिनिटं अडकलो, इंचाइंचाने पुढे, वर ऊन, खालून सायलेन्सरची धग सरळ कॅरियरच्या तळाला. आणि भुरी मागे असल्याने मला ती दिसत नव्हती. मला वाटलं झोपलीय. मग पाठीला जो एक ओळखीचा दाब असतो (ती हनुवटी माझ्या जॅकेटवर टेकवते, खांद्यांच्या मधोमध) तो बराच वेळ लागला नाही म्हणून मागे वळले. जीभ नेहमीपेक्षा रुंद आणि टोकाला पसरलेली, हिरड्या लालभडक, लाळ चिकट दोरीसारखी. गाडी कडेला घेतली, सावलीत उतरवलं, थर्मामीटर बॅगेत असतोच, ४०.४ आलं. कुत्र्याचं नॉर्मल ३८.३ ते ३९.२ असतं, म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो ते त्यांचं रोजचंच, पण ४० च्या वर म्हणजे वाट बघायची नाही. सगळ्या बाटल्यांमधलं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओतलं आणि नकाशाच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसले. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते, पाणी आणि वारा हेच काम करतं. प्यायला थोडं थोडं दिलं. २० मिनिटांनी ३९.४ झालं तेव्हा पाणी ओतणं थांबवलं, नाहीतर अंग नंतर गरजेपेक्षा जास्त उतरतं. मग जवळच्या डॉक्टरांकडे, कारण बाहेरून बरं दिसलं तरी आत मूत्रपिंडाला वगैरे त्रास झालेला असू शकतो. रक्त तपासलं, ठीक निघालं. पुढचे दोन दिवस आम्ही तिथून हललोच नाही.

त्या दिवसानंतर तीन गोष्टी बदलल्या. दोन्ही बाजूंना कापड कापून जाळी शिवून घेतली, जी कंपनीने आधीच द्यायला हवी होती. तळ आणि सायलेन्सरच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन बोटं हवा सोडून. आणि डाव्या आरशाखाली एक छोटा गोल फुगीर आरसा लावला, फक्त भुरीसाठी वळवलेला. सगळ्या खरेदीत स्वस्तातली वस्तू तीच आणि गाडी चालवणं तिनेच बदललं. कॅरियर कुठलं घेऊ म्हणून मला खूप जण विचारतात, मी आधी विचारते, चालवताना तुला तुझं कुत्रं दिसतं का? दिसत नसेल तर बाकी फीचर्सवर बोलायला मला घाई नाही. आता मला तिची जीभ दिसते, डोळे मिटलेत का दिसतं, कान मागे गेलेत का दिसतं, आणि मी तिच्या तोंडाकडे बघून थांबते, घड्याळाकडे बघून नाही. तरी साधारण ७५ ते ९० मिनिटांत थांबा होतोच. दिवसाला २०० ते २२० किलोमीटर, स्पीड ७० च्या आत, दुपारी ११ ते ४ गाडी बंद. थांबल्यावर खाली उतरवण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवते, मला टेकवत नसेल तर तिचे पंजेही टेकणार नाहीत. पाणी किलोमागे रोज ५० ते ६० मिलीलीटर धरतात, म्हणजे तिला अर्धा लिटर, पण उन्हात धापा टाकून ते उडतं म्हणून मी लिटरभर ठेवते. साचलेलं पाणी पिऊ देत नाही, लेप्टोची (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस झालेली असली तरी.

भुरीचे गॉगल. सुरुवातीला मला ते फोटोपुरतं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात एका छोट्या राइडला, अर्धा तासच तर जायचंय म्हणून गॉगल न लावता निघाले, संध्याकाळी ती उजवा डोळा मिटून पंजाने चोळायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, निळ्या लाइटमध्ये बुबुळावर एक बारीक हिरवी रेघ चमकली, नखाने ओरखडा काढावा तशी. वाळूचा कण असणार. १० दिवस थेंब, गळ्याभोवती प्लास्टिकचा कोन, राइड बंद. घरात उरलेले जुने डोळ्याचे थेंब स्वतःच्या मनाने टाकू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर असल्या जखमेवर उलटं होतं. फोमची कड असलेले, हनुवटीखालून आणि डोक्यामागून दोन पट्टे असलेले गॉगल घ्या, एकाच पट्ट्याचे सरकतात. सवय लागायला दोन आठवडे, रोज घरात पाच मिनिटं. कानांवर जाड विणलेली टोपी चढवते, वाऱ्याचा आवाज स्पीडला सहज ८५ डेसिबलच्या वर जातो आणि तिचे कान ४५ हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतात, आपले २० हजारांवर संपतात. टोपीने आवाज पूर्ण थांबत नाही हे कबूल, पण कान फडफडणं थांबलं आणि कानाच्या कडेला जे लाल व्हायचं ते गेलं.

पावसाचं कव्हर चांगलं आहे, शिलाईतून पाणी आलं नाही, पण ते लावलं की हवा निम्मी, म्हणून जोराचा पाऊस असेल तर आम्ही थांबतोच. कॅरियरची चेन (झिप) ७ हजारांवर एकदा अडकली, मेणबत्ती घासून चालतेय. तळाचं कापड निघतं आणि धुता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे, दर मुक्कामी गोचिड्या बघायला मी तेच आधी झटकते, मग भुरीचे कान, काखा आणि बोटांच्या मधल्या फटी.

परत घेईन का? घेईन, पण एक साइज मोठं. सांगितलेल्या मापात ती बसते, पण १९ दिवसांच्या टूरमध्ये मागचे पाय लांब करून झोपायला तिला जागा पुरायची नाही, थांब्यावर उतरली की आधी एक लांब ताण द्यायची आणि मग पाण्याकडे जायची. मोठ्या साइजचं ६ किलोचं आहे, म्हणजे रॅकचं आणि सबफ्रेमचं गणित परत पहिल्यापासून, ते जमेपर्यंत रोजचं अंतर १५० वर आणलंय.