ऑप्टियम म्युझियम अ‍ॅक्रिलिक: पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांसाठी कितपत भरवशाचं?

ट्रू व्ह्यू कंपनीच्या, फ्रेममध्ये काचेऐवजी लावायच्या या पारदर्शक शीटची ओळख बहुतेकांना ‘समोर काच आहे हेच कळत नाही’ अशी असते. ते खरंच आहे. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. या शीटवरून १.६ टक्क्यांहून कमी. गडद रंगाच्या चित्रात हा फरक लगेच जाणवतो, कारण काळ्या भागात समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा थांबतो. तिरकस पाहिलं तर हलकी रंगीत छटा उरते, पण ती खटकत नाही.

आमच्या मते तिचं मोल मात्र दुसरीकडेच आहे: ती स्टॅटिक, म्हणजे घर्षणाने साचणारा विद्युतभार, धरत नाही. साधं अ‍ॅक्रिलिक फडक्याने पुसलं की त्यावर विद्युतभार साचतो, आणि मऊ पेस्टल किंवा कोळशाचे सुटे कण कागदावरून उठून थेट शीटच्या आतल्या बाजूला चिकटतात. आडवा प्रकाश टाकला की तिथे चित्राची फिकट सावली उमटलेली दिसते. ती चित्रातूनच गेलेली भुकटी असते, पुन्हा जागेवर बसवता येत नाही. म्हणून अशा चित्रांना वर्षानुवर्षं काचच लावली जायची, आणि प्रवासात ती फुटण्याची धास्ती असायची. या शीटमुळे ती अडचण बऱ्याच अंशी सुटते. वजनही निम्म्याहून कमी: ३ मिमी जाडीच्या एका चौरस मीटरला काच साडेसात किलो भरते, अ‍ॅक्रिलिक साडेतीनच्या आसपास.

स्टॅटिक नाही म्हणून अंतर कमी ठेवलं तरी चालेल, असं मात्र समजू नका. पेस्टलच्या कागदापासून शीट किमान ६ मिमी दूर हवी, मोठ्या चित्राला त्याहून जास्त. आठ पदरी कॉटन रॅग बोर्डाची (सुती जाड पुठ्ठ्याची) मॅट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जेमतेम ३ मिमीची असते, त्यामुळे तिच्याखाली त्याच बोर्डाच्या पट्ट्या लावून ती उचलावी लागते. पट्ट्या मॅटच्या कडेपासून थोड्या मागे ठेवा. मग गळणारी भुकटी मॅटच्या तिरक्या कापावर न साचता मागच्या पोकळीत पडते. मॅटवरची रंगीत रेघ पाहून चित्र खराब झालं असं वाटणाऱ्यांनी आधी हा तिरका काप तपासावा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मापात. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या कितीतरी पट जास्त पसरतं. एक मीटर रुंदीची शीट १५ अंशांच्या फरकाला साधारण १ मिमी वाढते, आणि दमट हवेत पाणी शोषून आणखी थोडी. काचेच्या सवयीने फ्रेमच्या खाचेत घट्ट बसवली तर वाढायला जागा न मिळून ती फुगते. मीटरमागे एकूण ३ मिमी मोकळीक सोडा आणि तेवढ्या मोकळिकीतही कड झाकली जाईल इतकी खोल खाच घ्या. मोकळीक पुरेशी असली तरी वाक येऊ शकतो: ज्या बाजूची हवा जास्त दमट, ती बाजू फुगते. दमट गोदामातून आलेली बंद फ्रेम कोरड्या दालनात टांगली की शीट चित्राच्या दिशेने वाकते, म्हणजे नेमकी नको तिकडे. म्हणून मीटरभराहून मोठ्या कामाला ३ मिमीची शीट घेऊ नका. साडेचार किंवा सहाची घ्या.

हाताळणीत ही शीट नाजूकच. पृष्ठभाग साध्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा कमी ओरखडतो, पण एकदा ओरखडा पडला की तो कायमचाच. साधं अ‍ॅक्रिलिक घासून पॉलिश करता येतं, इथे तसं केलं तर परावर्तन कमी करणारा लेपच जातो. बोटाचा ठसाही साध्या काचेहून जास्त ठळक दिसतो, कारण तेलाच्या थराखाली लेपाचं काम थांबतं आणि तेवढाच ठिपका चमकू लागतो. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला. कापताना दोन्ही बाजूंचं संरक्षक फिल्म तसंच राहू द्या. कडांचा भुसा साफ झाल्यावर, चित्रापासून लांब, ते हळूहळू सोला. पुसायचं तर द्रव शीटवर फवारू नका. मायक्रोफायबरचं कापड अमोनिया नसलेल्या द्रावाने जेमतेम ओलं करा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसत जा. आतली बाजू पूर्ण सुकल्याशिवाय फ्रेम बंद करू नका.

अतिनील किरणं ९९ टक्के अडतात हा कंपनीचा दावा ३०० ते ३८० नॅनोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. त्याच्या जोरावर दिवे वाढवणं ही या शीटबाबतची सर्वांत महागडी चूक. रंग उडवणारा दृश्य प्रकाश तिच्यातून सरळ आत जातो; परावर्तन कमी असल्याने साध्या काचेतून जातो त्याहून थोडा जास्तच. कागदावरच्या कामांना ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) मर्यादा तशीच राहते. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ती १,२०,००० लक्स-तास होते. १५० लक्सवर तेवढीच मात्रा चार महिन्यांत पुरी होते.

सुट्या भुकटीची चित्रं, मोठ्या आकाराची कामं आणि प्रदर्शनासाठी फिरणारी कामं यांना हीच शीट घ्या. एका भिंतीवर कायम राहणाऱ्या, शाई पक्की असलेल्या छोट्या छापचित्राला परावर्तनरोधी, अतिनील अडवणारी काच पुरते. ती सपाट राहते आणि पुसायलाही सोपी. शीट घेतलीत तर ऑर्डर देताना चित्राचं माप कळवू नका. खाचेचं आतलं माप घ्या, त्यातून मोकळीक वजा करा आणि तो आकडा जाडीसह लिहून द्या.