रोझेनवाल्ड शाळा आणि डनबर हायस्कूल

वर्णभेदाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी १९१२ ते १९३२ दरम्यान सुमारे ५,००० रोझेनवाल्ड शाळा उभ्या राहिल्या. नाव देणगीदार ज्युलियस रोझेनवाल्ड यांचं. पण कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी पै-पै करून जमवलेली रक्कम त्यांच्या देणगीहून जास्त भरली! बहुतेक ठिकाणी वीज नव्हती, म्हणून दिवसाचा उजेड आत यावा यासाठी खिडक्या मोठ्या, उभ्या आणि पूर्व-पश्चिमेला.

राजधानी वॉशिंग्टनमधल्या, कृष्णवर्णीय मुलांच्याच डनबर हायस्कूलचा त्या काळी थाट वेगळा. शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार. काही तर डॉक्टरेट झालेले, कारण गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यांना प्राध्यापकी मिळत नसे. शिकवणं डनबरचंच सरस, पण ते शहरातल्या मुलांपुरतं. कापूस वेचणाऱ्या पोरांच्या आवाक्यात होती ती खेड्यातली एक-दोन खोल्यांची शाळाच.