अॅम्बेसेडरचं ऑइल प्रेशर पडलं: स्प्रिंग, पंप की बेअरिंग?

इंजिन तापलं की सिग्नलला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो. एक मिस्त्री म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो हाफ इंजिन करा (म्हणजे इंजिन अर्धवट खोलून दुरुस्ती), आणि तिसरा नुसतं जाड ऑइल भरून गाडी परत देतो. जुन्या अॅम्बेसेडरच्या मालकाला हे चुकत नाही. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं, एवढाच इथला विषय. बोलतोय ते 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल, म्हणजे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजमधल्या तीन मेन बेअरिंगच्या (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) इंजिनाबद्दल. नंतर आलेल्या 1800 इसुझूला यातले आकडे लावू नका.

कुठलाही स्पॅनर हातात घेण्याआधी प्रेशरचा स्विच काढून त्याच जागी साधं मेकॅनिकल गेज लावा. गाडी नीट तापू द्या. चालत्या इंजिनाला दर चौरस इंचाला 50 पौंडांच्या आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) 15 च्या आसपास काटा असेल, तर बिघाड स्विचमध्ये आहे. इंजिनाला हात लावू नका, घरी जा. एवढी तपासणी न करता पंपाची किंमत सांगणाऱ्या गॅरेजमध्ये मी तरी गाडी सोडणार नाही.

काटा खरंच खाली असेल, तर तो कधी पडतो ते बघा. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढच्या अडवणुकीमुळे. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, तसं. इथे अंगठ्याचं काम बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) यांच्यातली बारीक फट करते. ती फट वाढली की नवाकोरा पंपही गरम, पातळ ऑइलला आयडलिंगवर धरून ठेवू शकत नाही. म्हणून थंड असताना प्रेशर चांगलं आणि तापल्यावर आयडलिंगला पडतं, असं असेल तर संशय पंपावर आणि बेअरिंगवर. थंड असतानाही काटा वर जात नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) अडकलाय, पंप फारच झिजलाय किंवा पंपाच्या तोंडची जाळी तुंबलीय. वळणावर काटा डुलत असेल तर आधी डिपस्टिक बघा.

रिलीफ व्हॉल्व्हचं काम सगळ्यात स्वस्त. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूस घुमटाच्या आकाराचा षटकोनी नट असतो. तो सोडला की स्प्रिंग आणि प्लंजर हातात येतात, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवावा लागत नाही. प्लंजरवर ओरखडे किंवा बसायच्या जागी कचरा दिसला तर साफ करा, स्प्रिंग आखूड झाली असेल तर बदला. नटाखालचे वॉशर परत बसवायला विसरू नका. पण स्प्रिंगमागे वॉशर घालून ‘प्रेशर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. त्याने वाढतं ते वरच्या आरपीएमचं प्रेशर. आयडलिंगला हा व्हॉल्व्ह बंदच असतो, मग तिथे वॉशर काय करणार? गाडी हायवेवर ठीक आणि सिग्नलला रडते, अशी तक्रार असेल तर हा पर्याय सरळ खोडून टाका.

आता पंप. तो चेंबरच्या आत, ब्लॉकला खालून बसवलेला आणि कॅमशाफ्टवरून फिरणारा. म्हणजे खरी मजुरी चेंबर उतरवण्याची. पंप उघडणं त्यापुढे काहीच नाही. बी-सिरीजच्या घराण्यात गिअरचे आणि रोटरचे असे दोन्ही पंप आले, तुमच्यात कुठला ते उघडल्यावर दिसेल. रोटरवाला असेल तर फीलर गेजने तीन ठिकाणी मापा. पंपाच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून रोटर किती खाली बसलेत ते बघा: 5 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.127 मिमी, ही मर्यादा. दोन रोटरांच्या पाकळ्यांमधली फट 6 थाऊपर्यंत चालते, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यातली 10 थाऊपर्यंत.

फक्त पहिलं माप बिघडलं असेल तर जुना पंप टाकू नका. डॉवेल (जागा धरणाऱ्या छोट्या पिना) काढून बॉडीचं तोंड सपाट काचेवर बारीक एमरीने घासलं की फट कमी होते. हे बीएमसीच्या मॅन्युअलमध्येच सांगितलंय, जुगाड नव्हे. घासताना मध्ये मध्ये मापत राहा, कारण जास्त घासलं तर रोटर जाम होतील. दुसरं किंवा तिसरं माप गेलं असेल तर घासून काही होत नाही, नवा पंप घ्या. नवीन म्हणजे पेटीबंद जुना स्टॉक मिळाला तर उत्तम. डुप्लिकेट घेतलात तर तोही उघडून हीच तीन मापं घ्या, नव्या पेटीतला पंप सैल असू शकतो. इंग्लंडहून एमजीबीचा (बी-सिरीज इंजिनाच्याच ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा) मागवणार असाल तर लक्षात ठेवा, 1964 पासून त्या इंजिनाला पाच मेन बेअरिंग झाली. तुम्हाला तीन बेअरिंगवाल्याचा पंप हवा. पैसे मोजण्याआधी फोटो जुन्या पंपाशेजारी ठेवून जुळवा.

चेंबर खाली आहेच, तर एक बिगेंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगची) आणि एक मेन बेअरिंगची कॅप उघडून बघणं मी सक्तीचं मानतो. कॅपवर खुणा करा, उलटसुलट बसवू नका. शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यावर) करडा थर शाबूत असेल तर पंपावर भागेल. खालचं तांबूस दिसायला लागलं असेल तर शेल बदलायचे, आणि क्रँकवर नखाला लागणाऱ्या रेघा असतील तर इंजिन उतरवून ग्राइंडिंग. ते मोठं काम आहे, पण झिजलेल्या बेअरिंगवर नवा पंप बसवणं म्हणजे चेंबरची मजुरी दोनदा भरणं.

20डब्ल्यू-40 ऑइलच्या जागी जास्त जाड 20डब्ल्यू-50 टाकून काटा थोडा वर येतो. लग्नसराई काढायला ठीक, दुरुस्ती म्हणून नाही. दुसरंच इंजिन बसवायचा विचार असेल तर गाडीचं वय बघा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून ‘व्हीए’ क्रमांक घेऊ शकते, मात्र ती मूळ रूपात हवी. इंजिन बदललं की तो दावा अडचणीत येतो.

कुठलाही पंप बसवा, कोरडा बसवू नका. आत पेट्रोलियम जेली भरा, नाहीतर तो ऑइल ओढायला तयार होत नाही. मग स्पार्क प्लग काढून ठेवा आणि गेजचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. काटा उठल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत.