60 वॉट लेझर कटर, नऊ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, सोबतचा चिलर सोलापूरसाठी चुकीचा

वापर कसा, ते आधी. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटेशनल डिझाइनचा अर्धवेळ वर्ग, आठवड्यातून दोन दुपारी, 24 मुलं, सहा गट. ग्रासहॉपरमध्ये (ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, आकडे बदलले की आकार बदलणारं साधन) जे बनवलं ते त्याच दिवशी कापून, जोडून बघायचं. मशीन 900 बाय 600 एमएम बेडचं, किरण तयार करणारी सीओटू वायूची काचेची ट्यूब, मशीन चालवणारा रुईडा कंट्रोलर. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत.

फेब्रुवारीपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. 3 एमएम एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली शीट) 60 टक्के पॉवरला, सेकंदाला 15 एमएम वेगाने स्वच्छ सुटायचा. मार्च निम्मा सरला आणि पहिल्या दोन गटांचे भाग सुटे, पाचव्या-सहाव्या गटाचे मात्र खालून चिकटलेले निघायला लागले. आरसे आणि लेन्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसले, फोकस तपासला, बेडची पातळी पाहिली. दोष ट्यूब थंड ठेवणाऱ्या पाण्यात होता.

हे पाणी फिरवून थंड करायला मशीनसोबत सीडब्ल्यू-3000 येतो. त्याला चिलर म्हणतात, पण आत कॉम्प्रेसर नाही. पंप, रेडिएटर, पंखा आणि नऊ लिटरची टाकी, एवढंच. खोलीतल्या हवेपेक्षा थंड पाणी तो करूच शकत नाही. क्षमता दर अंशाला 50 वॉट. म्हणजे 400 वॉट उष्णता बाहेर टाकायची तर पाणी हवेपेक्षा 8 अंशांनी गरम असावं लागतं, आणि 60 वॉटचा किरण देताना ट्यूब साधारण तेवढी उष्णता पाण्यात सोडतेच. एप्रिलच्या दुपारी लॅबमध्ये 37 अंश असतील तर सलग कटिंगला पाणी 45 कडे निघतं. ट्यूबला हवं 15 ते 25. तिशी ओलांडली की पॉवर पडते, ट्यूबचं आयुष्यही घटतं. चिलरचा अलार्म त्याच्याही खूप वर वाजतो, तेव्हा अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका.

एखाद्या साइनबोर्डवाल्याने अशा वेळी वेग कमी करून काम भागवलं असतं. वर्गात ते चालत नाही, आणि माझा राग नेमका इथे आहे. मुलांना पहिल्या दिवसापासून कर्फ, म्हणजे किरणाने जळून जाणाऱ्या फटीची रुंदी, मोजायला शिकवतो. 100 बाय 20 एमएमची पट्टी काढायची, तिच्यात आडव्या नऊ रेघा द्यायच्या, कापून दहाही तुकडे घट्ट चिकटवून व्हर्नियरने मोजायचं. 98.2 आलं तर कर्फ 0.18. नऊ आतल्या रेघांचे नऊ, दोन टोकांचे अर्धे-अर्धे मिळून दहावा. मग एमडीएफची जाडी मोजायची, कारण 3 म्हणून विकलेली शीट 2.8 पण निघते. वॉफलची (एकमेकींत अडकणाऱ्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या मॉडेलची) खाच काढायची जाडी वजा कर्फ: 3.0 ला 2.82. ही दोन मापं ग्रासहॉपरमध्ये दोन स्लायडरवर ठेवली की अख्खं मॉडेल त्यांच्यामागे चालतं.

पाणी तापल्यावर किरण क्षीण होतो, कर्फ अरुंद होतो, खाच घट्ट बसते आणि जोडताना एमडीएफची जीभ मोडते. वेग कमी केला तर कड जळते, कर्फ रुंदावतो, जोड सैल पडतो. मुलं बिचारी डेफिनिशनमध्ये, म्हणजे आपल्या ग्रासहॉपरच्या फाइलमध्ये, चूक शोधत बसतात. ज्या मुलाची फाइल बरोबर आहे त्याला ती चुकली असं वाटणं, यापेक्षा वाईट शिकवण नाही.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर, “सगळीकडे हाच चालतो.” ट्यूबच्या वॉरंटीचं विचारल्यावर मात्र पाण्याचं तापमान राखणं ग्राहकाची जबाबदारी. तापमान राखू न शकणारं यंत्र सोबत द्यायचं आणि वर ही अट घालायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी मशीन घेणाऱ्यांनीही कोटेशनवर नुसतं “चिलर” वाचून सही करू नये. मॉडेल नंबर लिहून घ्यावा.

टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडण्याचा सल्ला अनेक जण देतात. आधी मीही त्याच मताचा होतो, आता नाही. तापलेल्या काचेला एकदम गार पाणी लागलं तर ट्यूब तडकू शकते, आणि बाटली वितळेपर्यंत तापमान सारखं हलत असल्याने कर्फही हलतो.

शेवटी सीडब्ल्यू-5200 घेतला. महाग आहे, पण खऱ्या अर्थाने थंड करतो. उन्हाळ्यात 22 वर ठेवा. पावसाळ्यात 25 करा, कारण तेव्हा हवा दमट असते. पाणी दवबिंदूच्या खाली गेलं तर ट्यूबवर पाणी धरतं आणि हाय व्होल्टेजच्या टोकाशी ठिणगी उडते. चिलर आपली उष्णता खोलीतच टाकतो, म्हणून तो खिडकीशी, गरम हवा बाहेर जाईल असा ठेवा. जाळी दर आठवड्याला झटका. इथली धूळ पंधरा दिवसांत ती बुजवते. पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात, वर ते वीजवाहक असतं.

बाकी थोडक्यात. एक्झॉस्ट पुरेसा, एअर असिस्ट (कापताना लागणारा हवेचा झोत) बरा. फाइल पाठवण्याआधी ऱ्हायनोत ‘सेलडप’ ही कमांड चालवून एकावर एक आलेल्या रेघा निवडा आणि पुसा, नाहीतर दुहेरी रेघ दोनदा कापली जाऊन कड जळते. ग्रासहॉपरमधल्या ट्रू-फॉल्सच्या (हो-नाहीच्या) याद्या इथल्या मुलांना समजावणं सोपं जातं: चादरीच्या जॅकार्डचं पंचकार्ड दाखवायचं, भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली.

सनबोर्ड (मॉडेल आणि पाट्यांसाठी वापरतात ती हलकी फोमची शीट) मात्र मशीनजवळ आणू देऊ नका. तो पीव्हीसी असतो; कापताना निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर फुप्फुसांना घातक, आणि रेल, लेन्स गंजवतो ते वेगळं. अनोळखी शीट आली तर तांब्याची तार लालबुंद तापवून तिच्यावर टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर शीट परत.

ज्यांच्याकडे अजून सीडब्ल्यू-3000 च आहे त्यांनी उन्हाळ्यात कटिंग सकाळी आठ ते दहा उरकावं, टाकीत थर्मामीटर सोडावा आणि 28 दिसले की पुढची शीट लावू नये.