शोभेची गवतं: दोन उन्हाळ्यांनंतर

लॉन काढून त्या जागी कमी पाण्यावर तगणारी शोभेची गवतं लावली, त्याला 18 महिने झाले. दोन उन्हाळे पार पडले, म्हणून आता लिहितोय.

आधी पाण्याबद्दल, कारण माझी मोठी चूक तिथेच झाली. दुष्काळ सोसणारी गवतं म्हणून मी लावणीनंतर दहाव्या दिवशीच पाणी तोडलं. 12 रोपांपैकी 4 वाळली. या गवतांचा सगळा जोर खोल मुळांवर, आणि मुळं खोल जायला एक पूर्ण हंगाम लागतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. पुन्हा लावली तेव्हा पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदाच पाणी दिलं, पण ओल वीतभर खाली उतरेपर्यंत. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या थरातच रेंगाळतात. मग हळूहळू अंतर वाढवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात 15 दिवसांतून एकदा पाणी पुरलं.

कडक उन्हात पाती आत वळून सुरळीसारखी होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काळजात धस्स झालं होतं. पण पाणी कमी उडावं म्हणून गवत स्वतःच तसं करतं. संध्याकाळी पाती पुन्हा उलगडली तर घाबरू नका. सकाळीही मिटलेलीच दिसली तर मात्र पाणी द्या.

उतारावर वाळा लावला आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावरच बसला. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, 3 मीटरपेक्षाही खोल जाऊ शकतात. मोठ्या पावसात तिथली माती आता वाहून जात नाही. निळी फेस्क्यू ही गवताची जात दमट उकाड्यात कुजली. ती थंड हवेची, माझी निवड चुकली.

फाउंटन ग्रासचे तुरे मावळतीच्या उजेडात बघत मी रोज थांबतो. पण घेताना जांभळ्या पातीचं 'रुब्रम' घ्या, त्याला बी जवळजवळ धरत नाही. साध्या हिरव्या जातीचं बी वाऱ्याबरोबर लांब जातं. हवाई बेटांवर तिनं रानं व्यापली आहेत आणि ती वाळली की वणवे भडकतात. ही जात कुंपणाबाहेर जाऊ देणं मला पटत नाही.

खताचा मोह टाळा. मी शेणखत सढळ हाताने घातलेले दोन ठोंब उंच वाढले आणि लोळले. बिनखताचे ताठ उभे आहेत.

छाटणी वर्षातून एकदा, नवे कोंब फुटायच्या आधी, जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर ठेवून. ठोंब आधी सुतळीने बांधा, म्हणजे कापलेली पाती पेंढीसारखी एकत्र उचलता येतात. हातमोजे हवेतच, पातीची धार बोटं कापते.

गुलाबी म्युह्ली या गवताच्या जातीला पहिल्या वर्षी एकही तुरा आला नाही. उपटायला निघालो होतो, मग राहू दिली. दुसऱ्या वर्षी दिवस लहान होऊ लागले आणि सगळा वाफा गुलाबी धुक्यासारखा दिसायला लागला. लॉनचा उरलेला पट्टाही आता काढतोय.