जर्मनीतला पीअर मेंटॉर प्रोग्राम: घ्यावा का?

जर्मनीत मास्टर्सला येऊन वर्ष झालं, आता नवीन बॅचची पोरं सारखी विचारतायत की युनिव्हर्सिटीचा तो मेंटॉरवाला प्रोग्राम घ्यावा का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. घ्या. फुकट आहे, फॉर्म भरला की एका सीनियरशी गाठ घालून देतात.

पण आमच्याकडे ही गाठ पडली मी पोचल्यावर नवव्या दिवशी! मी उतरलो रविवारी, सगळी दुकानं बंद, दोन्ही वेळेला आईने दिलेल्या दशम्या खाल्ल्या. मेंटॉरची खरी गरज तेव्हाच असते ना राव. एक स्टार तिथेच कापला.

मेंटॉर मिळाला व्हिएतनामचा. आधी वाटलं आपल्यातला कोणी असता तर बरं, पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका प्रश्नाला दहा उत्तरं येतात आणि दहाही छातीठोक, हा मात्र माहीत नसलं की "विचारून सांगतो" म्हणायचा आणि खरंच विचारून यायचा. इथे राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, आनमेल्डुंग, त्याला निघालो तर ट्राममध्येच त्याने माझी फाईल उघडायला लावली, बघतो तर घरमालकाच्या कागदावर सहीच नाही. तिथूनच उतरून उलटे गेलो, सही घेतली, अपॉइंटमेंटला धापा टाकत पोचलो.

मग आलं रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र, महिना 18.36 युरो. माझ्याकडे टीव्हीच नाही, म्हटलं फ्रॉड आहे, फाडणारच होतो. तो म्हणाला टीव्ही असो नसो, ही फी घरामागे असते, माणशी नाही, तुम्ही तिघं राहता ना, एकाने भरा, बाकीच्यांनी त्याचा फी-खात्याचा नंबर कळवा. आणि परीक्षेचं तर आपल्याकडच्यांना सुचतच नाही, लेक्चरला रोज बसलं तरी प्रत्येक पेपरला पोर्टलवर वेगळं नाव नोंदवावं लागतं, तारीख गेली की गेली. माझ्या रूममेटने मेंटॉर घेतला नव्हता, त्याचा एक पेपर असाच हुकला.

जानेवारीनंतर आमचे हे साहेब गायब, त्याच्याही परीक्षा होत्या, राग नाही.

5 पैकी साडेतीन. फॉर्म भारतातूनच भरा, आणि आवडीनिवडीच्या रकान्यात खरं लिहा. मी उगाच शायनिंग मारायला फुटबॉल लिहिलं, त्यावरूनच जोडी लावली त्यांनी, पहिल्याच शनिवारी त्याने मला गोलात उभं केलं. सात खाल्ले.